स्लिप जॉइंट चाकू : संग्रह आणि तुलना

स्लिप जॉइंट चाकू : कुलूप वा खटका नसलेला, केवळ पाठीकडच्या स्प्रिंगच्या ताणावर उघडा किंवा मिटलेला राहणारा घडीचा चाकू. या नोंदीत त्या स्प्रिंगसाठी कमान हा घड्याळजींच्या तोंडचा शब्द वापरला आहे. कळ दाबताच पाते बाहेर फेकणारे चाकू आणि उघडल्यावर पाते अडकून बसणारा रामपुरी या प्रकारात मोडत नाहीत. हिंदी चित्रपटांमुळे मुंबईत घडीचा चाकू म्हटले की रामपुरीच डोळ्यांपुढे येतो. पण स्लिप जॉइंट चाकू हे लेखणी तासण्याचे, फळ कापण्याचे, दोर तोडण्याचे अवजार आहे. पात्यावर उलट्या बाजूने जोर पडला की ते मिटते. त्यामुळे भोसकण्यासाठी तो निरुपयोगी ठरतो.

रचना : पितळेच्या दोन पट्ट्यांच्या मधे पाते आणि कमान बसवलेली असतात. पट्ट्यांवर बाहेरून हाड, शिंग, हस्तिदंत, शिंपला, लाकूड किंवा सेल्युलॉइड यांचे आवरण आणि टोकांना बहुधा जर्मन सिल्व्हरच्या टोप्या असतात. कमान मध्यावर आणि मागच्या टोकाला खिळ्यांनी पक्की केलेली असते. पुढचे टोक मोकळे राहून पात्याच्या बुडावर दाब देते. पाते फिरवताना बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो आणि कोपरा ओलांडताच कमान खाली बसते. त्या वेळी होणारा ‘टक्’ आवाज जाणकारांच्या दृष्टीने चाकूच्या प्रकृतीचा पहिला पुरावा असतो. बूड चौकोनी असेल तर पाते काटकोनात एकदा थांबते. गोलसर असेल तर चाल सलग आणि मऊ असते. लेखणी तासण्याच्या बारीक पेनचाकूंत हीच पद्धत अधिक आढळते.

बुडाशी धारेच्या अंगाला एक लहानसा उंचवटा ठेवलेला असतो. चाकू मिटल्यावर तो कमानीवर टेकतो आणि धार आतल्या लोखंडावर आपटत नाही. हा उंचवटा झिजला किंवा कोणी कानस मारून कमी केला, की पाते मुठीत खोल उतरते आणि धारेला मधोमध दात पडतो.

पाते आणि कमान दोन्ही पोलादाची असली तरी त्यांना दिलेले पाणी सारखे नसते. कडक केलेले पाते पुन्हा तापवून साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास, पृष्ठभागावर गवती पिवळा रंग येताच थांबवतात, म्हणजे धार टिकते. कमान निळा रंग येईपर्यंत, सुमारे ३०० अंशांपर्यंत नेतात, म्हणजे ती लवते पण मोडत नाही. पाते घासून पुन्हा धारेवर आणता येते. कमानीचे पाणी चुकले असेल तर संपूर्ण चाकू खोलून ती बदलण्यावाचून इलाज नसतो.

उगम : घडीचे चाकू फार जुने आहेत. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या आसपासचे नमुने मिळाले असून रोमन काळातील घडीचे चाकूही अनेक संग्रहालयांत आहेत. मात्र त्यांत पाते केवळ खिळ्याभोवतीच्या घर्षणावर टिकते. कमान केव्हा आणि कोठे आली यावर मतभेद आहेत. इंग्रजी संदर्भग्रंथांत तिचे श्रेय इंग्लंडमधील शेफील्ड या शहराला देऊन काळ १६५० ते १६७० च्या दरम्यान धरण्याची प्रथा आहे. दुसऱ्या मतानुसार ती युरोप खंडात आधीच वापरात होती आणि शेफील्डने तिचे उत्पादन वाढवले. स्कॉटलंडमध्ये बेल्जियममधील लिएज येथील जॅक नावाच्या कारागिराला मान देणारी कथा प्रचलित होती, पण तिला कागदोपत्री आधार दुबळा आहे. बार्लो या आखूड, मोठ्या टोपीच्या नमुन्याविषयीही असेच घडले आहे : कोणी सतराव्या शतकातील ओबादाया बार्लो, तर कोणी त्यानंतरचा जॉन बार्लो त्याचा जनक मानतात.

एकाच संशोधकाचे नाव शोधण्यापेक्षा कमान क्रमाक्रमाने घडली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. चांगली कमान घडवायची तर एकसारखे, भरवशाचे पोलाद लागते. बेंजामिन हंट्समन याने शेफील्ड परिसरात मुशीतील पोलादाची पद्धत १७४० च्या दशकात रूढ केली आणि त्यानंतरच बारीक, बहुपाती पेनचाकूंची खरी भरभराट झाली. शेफील्डच्या कटलर्स कंपनीकडे, म्हणजे चाकू-सुऱ्या घडवणाऱ्यांच्या संघाकडे, १६२४ पासून कारागिरांचे छाप नोंदले जात, परंतु छापावरून कारागीर कळतो, आतली कमान कळत नाही.

मुंबई आणि वूट्झ : या विषयाच्या इतिहासात मुंबईचे नाव एका चमत्कारिक वळणाने येते. कंपनी सरकारच्या मुंबईतील सेवेत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वूट्झ या भारतीय पोलादाचे नमुने १७९४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअरसन यांनी त्यांवर प्रयोग करून १७९५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे. बँक्स यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या कटलरने एक तुकडा अगदी मंद, अंधारातच दिसेल इतक्या लालीवर घडवून त्याचा पेनचाकू केला; त्याची धार उत्तम पोलादाच्या तोडीची ठरल्याचे पिअरसन नमूद करतात. पुढे स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी मिळून पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले, त्यामागेही वूट्झचे कुतूहल होते.

शीर्षकातील ‘मुंबईत तयार होणारे’ हा उल्लेख मात्र शब्दशः घेऊ नये. वूट्झच्या भट्ट्या म्हैसूर, सेलम आणि तेलंगणच्या भागात होत्या. मुंबई हे ते जेथून पाठवले गेले ते बंदर. तरीही काही लेखनात मुंबईला वूट्झचे उत्पत्तिस्थान ठरवण्याची चूक पुन्हा पुन्हा झालेली दिसते. कार्बनचे प्रमाण जास्त, साधारणपणे दीड टक्क्याच्या आसपास असल्याने हे पोलाद जास्त तापवून ठोकल्यास फुटते. पात्याला ते शोभते, पण रोज लवणाऱ्या कमानीला त्याहून कमी कार्बनचे पोलाद बरे.

आयात आणि छाप : एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे चाकू मुंबई बंदरात उतरत आणि उलट दिशेने मुठींसाठी सांबराची शिंगे इंग्लंडला जात. आफ्रिकेतील हस्तिदंताचाही मोठा साठा मुंबईमार्गे लंडनला पोहोचे. बोरू किंवा पिसाची लेखणी तासायला, तिला मधोमध चीर द्यायला बारीक पात्याचा चाकू लागे; टाकाची पोलादी निब रुळली तसे त्याचे काम पेन्सिलीवर आले. जोसेफ रॉजर्स यांचा छाप आणि जॉर्ज वोस्टनहोम यांचा ‘आयएक्सएल’ हे दोन सर्वांत नावाजलेले. रॉजर्सच्या छापात चांदणी आणि माल्टीज क्रॉस असतो. याच कारखान्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू घडवला होता.

नावाजलेल्या छापाची नक्कल होणारच. जर्मनीतील झोलिंगेन येथील स्वस्त मालावर शेफील्डचे नाव ठोकले जाई, अशी इंग्लिश कारखानदारांची तक्रार होती. त्यातून ब्रिटनमध्ये १८८७ चा आणि भारतात १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आला. पात्यावर देशाचे नाव असेल तर चाकू बहुधा या काळानंतरचा, आणि राजचिन्हातील अक्षरे राणी व्हिक्टोरियाची ‘व्हीआर’ असतील तर १९०१ पूर्वीचा, असे ढोबळ अनुमान संग्राहक करतात. त्यावर फार विसंबू नये. पाते बदललेले असू शकते, जुने साचे पुढेही वापरले जात आणि देशनाव नसणे हा काही निर्णायक पुरावा नव्हे. अमेरिकी केस कंपनीची पद्धत याहून भरवशाची आहे : १९७० मध्ये छापाखाली दहा ठिपके दिले आणि त्यानंतर दरवर्षी एक कमी केला. तिच्या नमुना-क्रमांकातील पहिला अंक मुठीचे द्रव्य, दुसरा पात्यांची संख्या सांगतो. ६२५४ म्हणजे हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा ५४ क्रमांकाचा ट्रॅपर.

तुलना : एकाच नमुन्याचे दोन चाकू तोलताना छापाआधी पाठ पाहावी. पाते मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे असताना नखाची कड पाठीवरून फिरवावी. पट्ट्या आणि कमान तिन्ही स्थितींत एका पातळीत लागली तर काम उत्तम हातचे. बहुतेक चाकूंत निदान एका स्थितीत नख अडखळते. नंतर चाकू खिडकीकडे धरून कमान आणि पितळी पट्टी यांच्यामधून उजेड दिसतो का ते पाहावे. केसाएवढी फट असली तरी तिच्यात घामाची खारट ओल शिरते आणि गंज आतून सुरू होतो. उघडे पाते चिमटीत धरून आडवे हलवल्यास डुलू नये. पात्याची रुंदी किती उरली आहे हेही महत्त्वाचे : रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर वर्षानुवर्षे घासलेले पाते निमुळते होते, आणि नख अडकवायची खाच धारेच्या जवळ येते. अशा चाकूला संग्रहमूल्य कमी, पण कमान शाबूत असेल तर अभ्यासमूल्य पूर्ण असते. चकचकीत पॉलिश करून विकायला आणलेल्या चाकूपेक्षा काळवंडलेला, न घासलेला चाकू नेहमी श्रेयस्कर, कारण पॉलिशच्या चाकाखाली छापाच्या कडा आणि बुडाचे कोपरे दोन्ही गोल होतात.

फ्रान्समधील लागिओल आणि कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेला स्विस अधिकाऱ्यांचा चाकू हेही कमानीचेच. ओपिनेल हा फ्रेंच चाकू मात्र मुळात घर्षणावर चालणारा असून १९५५ पासून त्याला पाते अडकवणारे फिरते कडे आहे. संग्राहक त्याला शेजारी ठेवतात, वर्गात धरत नाहीत.

मुंबईतील संग्रह : चोरबाजारातील मटन स्ट्रीट आणि तेथे शुक्रवारी पहाटे भरणारा जुम्म्याचा बाजार हे जुन्या चाकूंचे प्रमुख ठिकाण. घरातील जुने सामान निघते त्यात पेनचाकू, तर लष्करी सामानात जाड, बोथट टोकाच्या पात्याचे आणि दोर उकलण्याचा दाभण असलेले चाकू मिळतात. त्यांवर बाणाचे सरकारी चिन्ह असते.

जतन : समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातील दमट दिवस साध्या पोलादाला बाधतात. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये पुढे आणलेले न गंजणारे पोलाद यात उजवे, पण जुने बहुतेक चाकू त्याआधीच्या पठडीतले आहेत. शिवणयंत्राचे तेल बुडाशी एक थेंब आणि पात्यावर पुसट हात, एवढे पुरते. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, चामडे ओल धरते. सर्वांत जास्त धोका सेल्युलॉइडच्या मुठींचा. उष्ण, दमट हवेत सेल्युलॉइड विघटित होऊन त्यातून आम्लयुक्त वाफ निघते आणि त्याच खणातल्या इतर चाकूंनाही गंज चढवते. कापरासारखा उग्र वास, मुठीवर बारीक जाळीदार तडे आणि शेजारच्या पितळेवर हिरवी पूड ही लक्षणे दिसताच असा चाकू उघड्या हवेत वेगळा ठेवावा. मुंबईसारख्या शहरात हा नियम पाळणे तेल लावण्याहूनही निकडीचे आहे.

कायदा : शस्त्रास्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतकी, वैज्ञानिक व औद्योगिक वापराचे वगळलेले आहेत. स्लिप जॉइंट चाकू या मापांच्या पुष्कळ आत असतो. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खालील मनाईहुकूम लागू असताना चाकू बाळगून फिरण्यास बंदी असू शकते, आणि तेथे पात्याचे माप पाहिले जात नाही. हस्तिदंती मुठीचे चाकू विकत घेणे किंवा विकणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे टाळावेच लागते; सांबरशिंगाच्या मुठींनाही हा अधिनियम लागू होतो.