मोशेचा मृत्यू कोणी लिहिला?

बायबलची पहिली पाच पुस्तकं मोशे या संदेष्ट्याने लिहिली, असं ज्यू आणि ख्रिस्ती परंपरा शतकानुशतकं मानत आली. पण पाचव्या पुस्तकाचा (मराठी बायबलात त्याचं नाव ‘अनुवाद’ आहे) शेवटचा अध्याय वाचा. मोशे मरतो, त्याला मवाब देशातल्या खोऱ्यात पुरतात, लोक तीस दिवस शोक करतात. मग ओळ येते: त्याची कबर कुठे आहे हे आजपर्यंत कोणालाही ठाऊक नाही. आणि पुढे, मोशेसारखा संदेष्टा इस्राएलात पुन्हा झाला नाही. हे ‘आजपर्यंत’ कोण म्हणतंय? मोशे तर नक्कीच नाही. मधे बराच काळ लोटला आहे आणि त्या काळातले संदेष्टे ज्याला माहीत आहेत, असा कोणीतरी.

ही अडचण जुन्यांना दिसत नव्हती असं नाही. शेवटची आठ वचनं मोशेचा वारस यहोशवा याने लिहिली, असं तालमुद या ज्यू धर्मग्रंथात एक मत आहे. बाराव्या शतकातला स्पेनमधला भाष्यकार इब्न एझ्रा याने अशा आणखी काही जागा हेरल्या होत्या. एका ठिकाणी त्याने लिहून ठेवलं की यात एक गुपित आहे, ज्याला उमगेल त्याने गप्प राहावं.

स्पिनोझा गप्प राहिला नाही. हा तत्त्वज्ञ, बारूख स्पिनोझा, १६३२ साली आम्सटरडॅममध्ये, पोर्तुगालमधून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मला. हिब्रू त्याने लहानपणीच शिकून घेतली होती. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १६५६ मध्ये, त्याच्या समाजाने त्याला वाळीत टाकलं. पुढे भिंगं घासून तो पोट भरू लागला. १६७० साली त्याचा ‘धर्मशास्त्रीय-राजकीय प्रबंध’ लॅटिनमध्ये छापून आला, तोही निनावी. मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ म्हणून हॅम्बुर्ग छापलं होतं, पण पुस्तक निघालं होतं आम्सटरडॅममधूनच.

त्याचे पुरावे साधे आहेत, आणि म्हणूनच ते टाळता येत नाहीत. ‘उत्पत्ति’ पुस्तकात अब्राहाम शत्रूंचा पाठलाग करत ‘दान’ नगरापर्यंत जातो. पण ‘शास्ते’ हे पुस्तक सांगतं की त्या नगराचं मूळ नाव लईश. दान हे नाव मोशेनंतर बऱ्याच काळाने पडलं. शिवकालीन म्हणून पुढे आलेल्या कागदात ‘पाकिस्तान’ हा शब्द सापडला, तर आपला कोणताही इतिहास संशोधक तो कागद बाजूला ठेवील. इथे नेमकं तेच घडलं आहे. ‘उत्पत्ति’तच शेजारच्या अदोम देशाच्या राजांची यादी देताना म्हटलं आहे की इस्राएलावर कोणी राजा होण्यापूर्वी हे राजे होऊन गेले. म्हणजे लिहिणाऱ्याला इस्राएलचे राजे ठाऊक आहेत, आणि मोशेच्या काळी तर राजेच नव्हते. स्पिनोझाने तर्क केला की ही पुस्तकं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या एज्रा या ज्यू शास्त्र्याने जुळवली असावीत. आज अभ्यासक एकाच हाताचं काम मानत नाहीत. मोशेबद्दल स्पिनोझाच्या आधी इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जनेही १६५१ मध्ये असंच लिहिलं होतं. स्पिनोझाचं वेगळेपण उत्तरापेक्षा पद्धतीत आहे.

निसर्गाचा अभ्यास जसा करायचा तसाच ग्रंथाचा, असं त्याचं म्हणणं. आधी माहिती गोळा करायची. ज्या भाषेत ग्रंथ आहे ती त्या काळी कशी बोलली जात होती, एकाच विषयावर त्या पुस्तकात कुठे कुठे काय म्हटलं आहे आणि त्यात मेळ आहे का, लिहिणारा कोण, कोणासाठी लिहीत होता, पुस्तक पुढे कोणाकोणाच्या हातांतून गेलं, त्याचे किती पाठभेद झाले, ते पवित्र ठरवलं कोणी. एवढं हाती आल्यावरच अर्थ लावायचा. आणि तेव्हाही अर्थ काय आहे हा एक प्रश्न, तो खरा आहे का हा दुसरा. या दोन प्रश्नांची सरमिसळ तो होऊ देत नाही.

याचं मोल यहोशवाच्या गोष्टीत कळतं. लढाई पुरी व्हावी म्हणून यहोशवा सूर्याला थांबायला सांगतो आणि सूर्य थांबतो. या वचनाचा आधार घेऊन पृथ्वी स्थिर आहे असं सांगितलं जाई. गॅलिलिओने १६१५ मध्ये राजमाता क्रिस्टिना यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात उलट दाखवायचा प्रयत्न केला की हे वचन पृथ्वी सूर्याभोवती फिरते या कोपर्निकसच्या मताशीच जास्त जुळतं. स्पिनोझाला दोन्ही बाजू अमान्य होत्या. यहोशवा सैनिक होता, त्याला खगोलशास्त्र यायलाच हवं असं कुठे आहे? सूर्य फिरतो असं त्याला वाटत होतं, आणि वचनाचा अर्थ तोच.

मला हा विचार फार मोलाचा वाटतो. कट्टर बुद्धिवादी माणूस ग्रंथ बुद्धीला पटेल असा वाकवून घेईल अशी आपली अपेक्षा असते. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू तत्त्वज्ञाचा मार्ग तोच होता. स्पिनोझा म्हणतो, ग्रंथाच्या तोंडी आपलं विज्ञान घालू नका. आपल्याकडे पुराणांत विमानविद्या आणि अणुबॉम्ब शोधणारे लोक ग्रंथाचा गौरव करतोय असं समजतात. पण त्या प्राचीन कवीला काय म्हणायचं होतं, हे ऐकायला त्यातलं कोणीच थांबत नाही.

त्या काळी या पद्धतीची किंमत मोठी होती. स्पिनोझाचा मित्र आद्रियान कोरबाख याने असेच विचार सामान्य लोकांना कळतील अशा डच भाषेत मांडले. त्याला शिक्षा झाली आणि १६६९ साली तो कैदेतच मेला. आपल्या ग्रंथाचा डच अनुवाद होतोय हे कळल्यावर स्पिनोझाने तो थांबवण्याची विनंती केली, त्यामागे ही भीती असणारच. १६७४ मध्ये हॉलंडमध्ये ग्रंथावर बंदी आली. तीन वर्षांनी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

पद्धत मात्र विरोधकांनीही उचलली. झां आस्त्र्यूक हा फ्रेंच वैद्य मोशेच्या कर्तृत्वाचा बचाव करायला निघाला होता. ‘उत्पत्ति’त देवासाठी कुठे ‘एलोहीम’ तर कुठे ‘याहवे’ येतं हे पाहून त्याने १७५३ मध्ये ते मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत मांडले, आणि एकामागोमाग येणाऱ्या सृष्टीच्या दोन कथा सुट्या झाल्या. एकीत प्राणी आधी आणि माणूस नंतर, दुसरीत माणूस आधी. मोशेकडे जुनी टिपणं होती, असं त्याला सिद्ध करायचं होतं. पुढच्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांनी त्याच धाग्यावरून अनेक लेखकांपर्यंत मजल मारली.

पाठभेदांची खरी कसोटी १९४७ नंतर लागली. मृत समुद्राकाठच्या कुमरान गुहांत मिळालेल्या गुंडाळ्या तोवरच्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुन्या होत्या. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी प्रचलित पाठाशी बऱ्याच अंशी जुळली, म्हणजे नकलकारांनी काम चोख केलं होतं. शमुवेलाच्या पुस्तकात मात्र गंमत निघाली. दाविदाने मारलेला राक्षसी योद्धा गल्याथ प्रचलित हिब्रू पाठात सहा हात एक वीत उंच आहे, म्हणजे जवळपास पावणेदहा फूट. कुमरानच्या प्रतीत आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तो चार हात एक वीत, म्हणजे पावणेसात फूट. बहुतेक अभ्यासक चारकडे झुकतात.

हेच काम महाराष्ट्रात एका अवाढव्य ग्रंथावर झालं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. ती १९६६ मध्ये पुरी झाली, त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं धुंडाळली गेली. १९२५ पासून १९४३ पर्यंत प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुकथनकर. त्यांनी प्रस्तावनेत कामाची रीत सांगितली आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदावर वरच्या ओळीत गणपत कृष्णाजींच्या मुंबई आवृत्तीतला श्लोक ठळक लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ. जिथे अक्षर वेगळं, तिथे त्याच रकान्यात ते अक्षर. शास्त्री आणि पदवीधर मंडळी हे वर्षानुवर्षं करत होती.

व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही लाडकी गोष्ट या छाननीत मूळ पाठाबाहेर गेली. तुलनेत ती नंतरची भर ठरली. पण ती फेकून दिलेली नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात ती छापलेली आहे आणि कोणत्या हस्तलिखितांत ती येते त्याची नोंदही दिली आहे. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नसेल त्याने त्याच पानांवरून तो तपासून पाहावा, अशी सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे.