शिलेदार आणि बारगीर

मराठ्यांच्या घोडदळातील स्वारांचे दोन मुख्य प्रकार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. स्वतःचे घोडे व हत्यारे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. ही विभागणी मराठ्यांनी नव्याने काढलेली नाही. दख्खनच्या सुलतानी फौजांत ती आधीपासून रूढ होती आणि मराठा घराणी तिथेच तिच्यात मुरली. शिवाजी महाराजांनी बदलले ते या दोहोंमधले वजन. घोडा कोणाच्या मालकीचा आहे, यावर स्वाराचा पगार, लढाईतले त्याचे धाडस आणि धन्याशी असलेली त्याची बांधिलकी अवलंबून असे. मराठी फौजेच्या दीडशे वर्षांतले बरेच चढउतार त्यामुळे या एका प्रश्नापाशी येऊन पोचतात.

सरकारी पागेची रचना सर्वांत तपशिलाने येते ती कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत. ही बखर सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली. तिच्यानुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजारींवर एक पंचहजारी. सर्वांच्या वर सरनोबत, म्हणजे सरसेनापती. हिशेब मांडला तर हजारीच्या हाताखाली साडेबाराशे स्वार येतात. हुद्द्याचे नाव आणि प्रत्यक्ष संख्या यांत असा फरक त्या काळी कोणाला खटकत नसे. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन (सोन्याचे नाणे), हजारीला १,०००, पंचहजारीला २,०००. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. ही शेवटची तरतूद वरवर किरकोळ वाटते, पण रोज मैलोन्‌मैल तुडवणाऱ्या घोडदळात नाल निखळलेला घोडा म्हणजे एक स्वार कमी. पाणी आणि खूर यांची सोय पलटणीच्या मूळ आराखड्यातच बसवली होती, यावरून आखणी करणाऱ्याची नजर कळते.

शिलेदारांची पथके वेगळी असत, पण त्यांना पागेच्या हुकुमात ठेवले होते. कारण सभासद स्वच्छ सांगतो: कोणाला बंडाव्याला जागा राहू नये. स्वतःच्या घोड्यावर बसलेला माणूस रागावला तर घोड्यासकट निघून जाऊ शकतो आणि दुसऱ्या दरबारी दुसऱ्या दिवशी चाकरी धरू शकतो. बारगिराला ती मुभा नाही; रुसला तरी तो पायीच जाणार. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते या सरनोबतांच्या काळात फौजेचा कणा म्हणून पागा उभी राहिली ती या विचारातून.

वर्षाचा क्रम पावसावर बेतलेला होता. दसऱ्याला छावणीतून निघायचे, आठ महिने परमुलखात मोहीम करायची आणि पावसाळ्यापूर्वी परतायचे. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई आणि परतल्यावर झडती. जास्त निघाले ते सरकारजमा, कमी भरले तर पगारातून वजा. मोहिमेत बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत, बायकामुलांना धरायचे नाही, हे हुकूम मोडणाऱ्याला मृत्युदंड होता. सगळे तंतोतंत पाळले गेले असेल असे मानायचे कारण नाही. तरी मोगली लष्कर कुटुंबकबिला, बाजार आणि तंबूंचे शहर घेऊन सरकत असे, त्याच्याशी तुलना केली की मराठी स्वारांचा वेग कुठून येई ते समजते.

छावणीतल्या रोजच्या काळजीचे चित्र एका पत्रात फार जवळून दिसते. राज्याभिषेकाच्या आसपासचे शिवाजी महाराजांचे हे पत्र चिपळूण भागात छावणीला असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले आहे. पावसाळाभर पुरेल असा दाणा आणि गवत साठवले आहे. ते आताच उधळलेत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. मग तुम्ही रयतेच्या दारात जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी भाजी, आणि लोकांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीची सूचना आहे. गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटून पागा राहणार नाही. राज्य चालवणारा माणूस उंदराने ओढलेल्या वातीपर्यंत विचार करतो, याचे कौतुक होतेच. पण तितकेच लक्षात घ्यायला हवे की हा सगळा घोर सरकारी घोड्यांचा आहे. शिलेदाराला स्वतःच्या घोड्याबद्दल असे पत्र लिहावे लागले नसते.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि ही घडी विसकटली. खजिना नाही, तर पागा पोसायची कशावर? जो सरदार स्वतःची फौज उभी करील त्याला सरंजाम (फौजेच्या खर्चासाठी महसुलाचा मुलूख) देण्यावाचून इलाज उरला नाही. औरंगजेबाला जेरीस आणणारी संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांची पथके या मोकळ्या व्यवस्थेतच वाढली. मात्र तेव्हापासून फौजेचे पारडे शिलेदारांकडे झुकले ते झुकलेच.

पेशवाईत पेशव्यांची खासगी पागा, सरदारांचे शिलेदार, एकेकटे चाकरीला येणारे एकांडे आणि लुटीवर जगणारे पेंढारी असे चार थर दिसतात. शिलेदार स्वतः एकटाच येई असेही नाही. ऐपतदार शिलेदार दहा-वीस घोडी बाळगी आणि त्यांवर आपल्या पदरचे बारगीर बसवी. म्हणजे एकाच पथकात मालक आणि चाकर दोन्ही. भाला, तलवार, ढाल, घोड्यावर घोंगडी आणि तोबरा एवढ्यावर मोहीम निघे. भीमथडीची काटक तट्टे या कामाला उत्तम. बारगिरी हा वर चढण्याचा रस्ताही होता: राणोजी शिंदे पेशव्यांच्या पागेत बारगीर म्हणून लागले असे मानले जाते, तर मल्हारराव होळकरांची सुरुवात कदम बांडे यांच्या पथकात झाली.

या पद्धतीचा दोष लढाईत उघडा पडे. घोडा मेला तर शिलेदाराची पोटगीच गेली. त्यामुळे तो पाठलागात, रसद तोडण्यात तरबेज, पण तोफांसमोर सरळ घुसायला नाखूश. याला भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे आहे; आपले भांडवल कोणी फुकट उधळत नाही. पगार थकला की शिलेदार धरणे धरीत. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, त्यामागे हे दुखणेही होते.

बंगालमध्ये या स्वारांची आठवण अगदीच वेगळी आहे. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा तिकडे स्वाऱ्या करीत होत्या. त्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने भेटीला बोलावून भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांना ठार केले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत; १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल झाल्यावर थांबल्या. तिथे बारगीरचे ‘बर्गी’ झाले आणि बर्गी आले म्हणून मुलाला निजवणारे अंगाईगीत बंगाली घरांत अजून म्हटले जाते. मराठी वाचकाने ही बाजू टाळू नये; जाळपोळ आणि लूट भोगणाऱ्या रयतेला घोडा सरकारी की खासगी याने फरक पडत नव्हता.

पेशवाई बुडाली तरी शिलेदारी संपली नाही. इंग्रजांना कमी खर्चात घोडदळ हवे होते आणि ही तयार पद्धत त्यांच्या हाती आली. शिंद्यांची चाकरी सोडून आलेल्या जेम्स स्किनरचे रिसाले १८०३ मध्ये उभे राहिले. १८१७ च्या पुणे तहानंतर उभारलेल्या घोडदळातून पूना हॉर्स निघाली. नवा स्वार ‘असामी’ची रक्कम भरून घोडा आणि साजसामान घेई, दरमहा वर्गणीतून मेलेल्या घोड्यांची भरपाई होई, बंदूक आणि दारूगोळा मात्र सरकारचा. १९१४ साली हिंदुस्थानी घोडदळाच्या ३९ पलटणींपैकी मद्रासकडच्या ३ वगळता बाकी सगळ्या याच धर्तीवर चालत होत्या. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमियात घोडे, कपडे, खोगीर यांची भरपाई प्रत्येक पलटणीने आपापली करणे अशक्य झाले आणि सरकारला खर्च अंगावर घ्यावा लागला. महायुद्धानंतरच्या फेररचनेत पलटणी ३९ वरून २१ वर आल्या, शिलेदारी पद्धत रद्द झाली आणि सगळा घोडा सरकारी झाला.