मुंबईच्या नव्या फ्लॅटचं वीजबिल भिंतीतच ठरतं

फाइव्ह स्टार एसी, एलईडी दिवे, गच्चीवर सोलर. नव्या टॉवरच्या ब्रोशरमध्ये ऊर्जाबचत म्हणून एवढं हमखास असतं. भिंत कशाची आहे आणि खिडकी नेमकी किती उघडते, हे मात्र सेल्स ऑफिसमध्ये कोणी आपणहून सांगत नाही, आणि विचारणारेही थोडेच. एसी आठ-दहा वर्षांनी बदलता येतो, दिवे तर उद्याही. पश्चिमेची भिंत मात्र इमारत पाडेपर्यंत तीच.

पश्चिमेचीच का? मुंबई 19 अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य इथे जवळपास डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. त्या वेळी तापते ती गच्ची, आणि तीस मजल्यांच्या इमारतीत गच्चीचा त्रास वरच्या एका मजल्याला. बाकीच्यांना गाठतं ते कललेलं ऊन: सकाळी पूर्वेचं, दुपारनंतर पश्चिमेचं. दुपारनंतर हवाही तापलेली असते, म्हणून पश्चिमेचं ऊन जास्त जाचतं. भिंतीत शिरलेली उष्णता आतल्या बाजूला पोचायला काही तास घेते. चार वाजताचं ऊन रात्रीच्या जेवणाच्या सुमारास बेडरूममध्ये जाणवतं ते असं. नाशिककडे रात्रीचा गारवा ही उष्णता ओढून नेतो. मुंबईत मे महिन्यात कमाल तापमान सरासरी 33-34 अंश आणि किमान 27 च्या आसपास, त्यामुळे भिंतीला निवायला सवडच मिळत नाही.

आता भिंतीचा कस. तिच्यातून उष्णता किती सहज आरपार जाते ते यू-व्हॅल्यू सांगते. आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॉट उष्णता जाते, तो हा आकडा. जितका कमी तितकं बरं. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या 200 मिलिमीटर एएसी म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंतीचा (साइटवर सगळे त्याला सिपोरेक्सच म्हणतात) तो 0.8 च्या जवळपास येतो. 150 मिलिमीटरच्या निव्वळ काँक्रीटच्या भिंतीचा 3.8 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ पाचपट. आणि मुंबईत गेली काही वर्षं धडाधड वर जाणारे कितीतरी टॉवर नेमके काँक्रीटच्या भिंतींचे आहेत. मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत, स्लॅब आणि भिंती एकदमच ओततात. आठवडा-दहा दिवसांत मजला तयार, गवंड्यांची गरज कमी, गळतीची भीती कमी. बिल्डरच्या बाजूने पाहिलं तर यात वावगं काहीच नाही. फक्त त्या वेगाची किंमत पुढची पन्नास वर्षं राहणारा माणूस बिलातून भरतो.

यावर मोजमापाचा उपाय 2018 च्या डिसेंबरात आला. ऊर्जा मंत्रालय आणि ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईई यांनी 'इको निवास संहिता' जाहीर केली. तिचा पहिला भाग फक्त इमारतीच्या बाह्य आवरणाचा: भिंती, छत, खिडक्या. त्यात आरईटीव्ही नावाचा एक आकडा काढतात. छत सोडून बाकी आवरणाच्या दर चौरस मीटरमागे सरासरी किती वॉट उष्णता घरात येते, त्याचा हा हिशोब. थंड प्रदेश सोडून देशभर त्याची मर्यादा 15.

सूत्रात तीन पदं आहेत: भिंतीतून आरपार येणारी उष्णता, काचेतून आरपार येणारी, आणि काचेतून थेट आत येणारं ऊन. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानासाठी त्यांचे गुणक अनुक्रमे 5.15, 1.31 आणि 65.21 आहेत. दिशेचा वाटा वेगळा: आपल्या अक्षांशावर उत्तरेच्या भिंतीला साधारण 0.66 ने गुणायचं, पश्चिमेच्या भिंतीला 1.16 ने. दिशांची सरासरी धरून एक अंदाज करून पाहू. बाहेरची 85 टक्के भिंत, 15 टक्के साधी काच, छज्जा नाही. काँक्रीटची भिंत असेल तर पहिलं पदच (0.85 × 3.8 × 5.15) साडेसोळावर जातं. म्हणजे खिडक्या मोजायच्या आधीच इमारत नापास! त्यात काचेचे नऊएक मिळवले की बेरीज पंचविशीला टेकते. तीच इमारत सिपोरेक्सची केली तर भिंतीचे जेमतेम साडेतीन होतात, काच धरून साडेबाराच्या आसपास भागतं.

थेट उन्हाचा गुणक एवढा मोठा का? काचेतून ऊन सरळ आत येतं, आणि पडदा लावला तरी ते आधीच घरात आलेलं असतं. म्हणून सावली काचेच्या बाहेर हवी. जुन्या चाळींच्या गॅलऱ्या आणि मरीन ड्राइव्हच्या इमारतींवरच्या खिडकीभर पसरलेल्या छज्जांनी हेच काम केलं. ऊन अडवणारी खास काचही मिळते, पण ती वाटेल तेवढी गडद चालत नाही. खिडक्या आवरणाच्या 30 टक्क्यांपर्यंत असतील तर काचेतून किमान 27 टक्के प्रकाश आत यायलाच हवा, नाहीतर दिवसाढवळ्या दिवे लावून बसायचं.

संहितेतली मला सर्वात आवडणारी अट हवेची आहे. उष्ण-दमट प्रदेशात खिडकी-दारांचं उघडणारं क्षेत्रफळ कार्पेट एरियाच्या किमान एक षष्ठांश, म्हणजे 16.66 टक्के हवं. अंगावर वारा आला की घाम उडतो आणि 30 अंशही सुसह्य होतात. दमट हवेत शरीराला याचाच आधार. थंड देशांत घर किती हवाबंद आहे हे यंत्र लावून तपासतात, आपल्याकडे ते किती उघडतं हे बघावं लागतं. आणि गोम इथेच आहे. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी उघडते निम्मीच. 45 चौरस मीटरच्या घराला साडेसात चौरस मीटर उघडं तोंड लागतं. सगळं स्लायडिंगने भागवायचं तर खिडक्या-दारं मिळून पंधरा चौरस मीटर बसवावी लागतील. बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या खिडकीत जवळपास पूर्ण जागा मोकळी होते. पण ती कोणालाच नको असते, कारण उघडताना ग्रिल आडवं येतं.

छतासाठी यू-व्हॅल्यूची मर्यादा 1.2 आहे. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर आणि त्यावरचं पांढरं चायना मोझॅक थोडी मदत करतात, पण नुसत्या त्यांच्यावर विसंबता येत नाही. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचे नियम 2021 च्या दुसऱ्या भागात आले. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने 100 किलोवॉट किंवा त्याहून जास्त वीजभार असलेल्या निवासी इमारतीही ऊर्जासंहितेच्या कक्षेत आणल्या. अंमलबजावणी मात्र राज्याने नियम अधिसूचित करून स्थानिक संस्थांमार्फत करायची असते.

कायदा वेगळा आणि प्रमाणपत्रं वेगळी. ती ऐच्छिक. सीआयआय या उद्योगसंघटनेची आयजीबीसी ही परिषद 'सर्टिफाइड' ते 'प्लॅटिनम' अशा पायऱ्या देते, गृह ही टेरी ही संशोधन संस्था आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची पद्धत तारे देते, तर जागतिक बँक समूहातल्या आयएफसीची एज ही पद्धत ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य या तिन्हींच्या हिशोबात किमान 20 टक्के बचत मागते. ही बचत कशाच्या तुलनेत? त्याच भागातल्या नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या एका काल्पनिक इमारतीच्या. शेजारच्या टॉवरच्या किंवा तुमच्या जुन्या घराच्या बिलाशी त्या टक्क्यांचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट, विक्रीच्या वेळी जे प्रमाणपत्र दाखवतात ते बहुधा पूर्व-प्रमाणपत्र असतं. ते नकाशे आणि आकडेमोड पाहून मिळतं. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम झाल्यावर, साहित्याची कागदपत्रं आणि प्रत्यक्ष जागा तपासून. नकाशातल्या चांगल्या काचेच्या जागी मधेच साधी आली तर ते तिथे सापडायला हवं. ताबा घेताना अंतिम प्रमाणपत्राची प्रत मागावी, पण आपण मागतो फक्त ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र.

त्यानंतरचं काम रहिवासी पूर्ण करतात. बाल्कनी काचा लावून बंद होते, उघडं क्षेत्रफळ घटतं. एसीची आउटडोअर युनिट्स एकाच अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसतात. खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यांचे एसी तीच हवा ओढून जास्त वीज खातात.

फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या हाती यातलं फारसं नसतं. रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीच्या हाती मात्र असतं, कारण करारावर सह्या व्हायच्या असतात. वाढीव कार्पेट एरिया, कॉर्पस निधी, भाडं यांवर महिनोन्महिने वाटाघाटी चालतात. त्याच मसुद्याच्या परिशिष्टात आणखी चार ओळी मावतात: बाहेरची भिंत कशाची आणि तिची यू-व्हॅल्यू किती, खिडकी कुठल्या प्रकारची, पश्चिमेला छज्जा किती खोल, आणि आर्किटेक्टच्या सहीनिशी आरईटीव्हीचा तक्ता.