पानावरची सही : पत्त्यांच्या एका जादूची पार्श्वभूमी

कोजागिरीच्या रात्री ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आटत असताना जादूगार कॅट पुढे धरतो, एक पान ओढायला सांगतो आणि काळे मार्कर पेन प्रेक्षकाच्याच हातात देतो. सही झालेले पान कॅटमध्ये मिसळले जाते आणि थोड्या वेळाने सगळ्यात वर, नाहीतर जादूगाराच्या पाकिटात सापडते. या खेळातली हातचलाखी जुनी आहे. सही मात्र तिच्या मानाने बरीच नंतरची. ती का आली, हे पाहायचे तर प्रेक्षकाच्या मनातल्या शंकेचा माग काढावा लागतो.

युरोपात पत्त्यांच्या हातचलाखीचे तपशीलवार वर्णन सोळाव्या शतकापासून आढळते. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी 1584 मध्ये चेटकिणींवरच्या अंधविश्वासाविरुद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात पत्त्यांच्या आणि नाण्यांच्या युक्त्याही उघड करून दाखवल्या, कारण लोक ज्याला सैतानी शक्ती समजत होते ते बोटांचे कसब आहे हे त्यांना पटवायचे होते. त्या काळच्या खेळात प्रेक्षक पान नुसते लक्षात ठेवत असे. पण बदाम सत्ती जशी या कॅटमध्ये आहे तशी दुसऱ्याही कॅटमध्ये असतेच, आणि तीन-दोन-पाच किंवा मेंढीकोट खेळत वाढलेल्या कुणालाही पहिली शंका हीच येते, की सापडलेले पान दुसऱ्याच कॅटमधले असावे. तिच्यावर जुना उपाय म्हणजे पानाचा कोपरा फाडून तो प्रेक्षकाच्या मुठीत ठेवणे आणि शेवटी फाटलेली कड जुळवून दाखवणे. (आपल्या सावंतवाडीच्या गोल गंजिफांना कोपराच नसतो, तिथे हा उपाय चालला नसता.)

जादू प्रेक्षकाच्या जितकी जवळ आली, तितका पुरावा पक्का असण्याची निकड वाढली. व्हिएन्नाचे योहान नेपोमुक होफझिन्झर (1806–1875) हे सरकारी नोकरी सांभाळून घरच्या बैठकीत मोजक्या निमंत्रितांसमोर पत्त्यांचे प्रयोग करत. त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रे नष्ट झाली आणि ओटोकार फिशर यांनी शिष्यपरंपरेतून गोळा केलेले त्यांचे काम 1910 मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आले. आज जवळून दाखवल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या जादूचा पाया त्या दिवाणखान्यात घातला गेला, असे मला वाटते.

सहीचे मोल सर्वांत ठसठशीतपणे दिसते ते 1922 मध्ये शिकागोत घडलेल्या प्रसंगात. तीनदा पाहिलेली कोणतीही जादू मी उलगडून दाखवीन, असे अमेरिकेतले नामवंत जादूगार हॅरी हुदिनी जाहीरपणे सांगत असत. कॅनडात जन्मलेल्या डाय व्हर्नन या तरुणाने त्यांना पान निवडायला लावले आणि त्यावर त्यांची आद्याक्षरे शाईने लिहून घेतली. ते पान वरून दुसरे ठेवले, आणि क्षणात ते सगळ्यात वर आले. व्हर्नन यांनी हे पुन्हा पुन्हा केले, सात वेळा केले असे सांगितले जाते, आणि हुदिनींना उलगडा झाला नाही. पानावर अक्षरे नसती, तर तशीच दोन पाने आहेत एवढे बोलून हुदिनी मोकळे झाले असते. त्यांच्याच हस्ताक्षराने ती वाट बंद केली. ‘हुदिनींना चकवणारा माणूस’ ही ओळख व्हर्नन यांना 1992 मध्ये निधन होईपर्यंत पुरली.

पुढची सोय पेनाने केली. पेन्सिलीची अक्षरे गुळगुळीत पानावर फिकी उमटतात आणि दौतीतली शाई लवकर वाळत नाही. 1964 मध्ये अमेरिकेत शार्पी हे न पुसणारे मार्कर पेन बाजारात आले आणि दोन हात अंतरावरूनही वाचता येईल अशी जाड सही करता येऊ लागली. तरीही ओली सही शेजारच्या पानाच्या पाठीवर उमटते, म्हणून जादूगार पान काही क्षण हवेत धरून त्यावर फुंकर घालतो. ती फुंकर मंत्राची वाटते, पण बरेचदा शाईसाठी असते. आपल्याकडे लोकलच्या डब्यात मांडीवर बॅग ठेवून खेळल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पत्त्यांवर सही नीट धरत नाही, म्हणून या प्रयोगाला कागदी पत्तेच लागतात.

मराठी प्रेक्षकाची जादूशी ओळख झाली ती मुख्यतः रंगमंचावर. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिलेली पिढी आजही ते आठवून सांगते. परंतु ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेतून पानावरची सही वाचता येणे शक्य नाही. तिची जागा बारशाच्या, वाढदिवसाच्या, गणपतीतल्या घरगुती बैठकीत आहे, जिथे सही करणाऱ्याला सगळे नावाने ओळखतात.

इथे एक अडचण हमखास येते. बँकेत हयात घालवलेले काका पेन हातात घेतात आणि म्हणतात, “नाव लिहितो, सही नाही करणार.” त्यांचा संकोच अगदी रास्त आहे, आणि जाणता जादूगार आग्रह धरत नाही. देवनागरीत लिहिलेले नाव किंवा नातीने काढलेले मांजराचे चित्रही तेच काम करते, कारण हवे असते ते दुसऱ्या कुणाला हुबेहूब जमणार नाही असे काहीतरी. प्रयोग संपल्यावर ते पान प्रेक्षकालाच द्यायची रीत आहे. म्हणून जादूगाराच्या घरी एक्कावन्न पानांचे कॅट साठत जातात, आणि मांजराचे ते पान नातीच्या कंपासपेटीत जाते.