बेसमधला महागडा कपॅसिटर आवाज बदलतो का?

‘बेस गिटारमधला स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर काढून महागडा ऑइल-पेपरचा लावा, आवाज भरदार होतो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय.

पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या बेसमध्ये हा कपॅसिटर तारांची कंपनं टिपणाऱ्या पिकअपपासून केबलच्या जॅकपर्यंतच्या थेट वाटेवर नसतोच. टोनच्या पॉटमधून (टोनच्या नॉबखालच्या बदलत्या रोधातून) तो फक्त ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग, ग्राउंडकडे वळवतो. किती वळवायची हे त्याचं मूल्य (किंमत नव्हे, कपॅसिटन्स) ठरवतं: बहुतेकदा 0.047 मायक्रोफॅरड, 0.1 लावला तर ट्रेबल आणखी दबते. टोन पूर्ण उघडा असताना तर मध्ये साधारण 250 किलोओहमचा रोध उभा असतो, तेव्हा कपॅसिटरला फारसं कामच उरत नाही.

मग फरक ऐकू आला तो? तो खराही असू शकतो. स्वस्त कपॅसिटरवर छापलेलं आणि प्रत्यक्षातलं मूल्य यांत 20 टक्क्यांचीही तफावत निघते. म्हणजे बदललं ते मूल्य. शिवाय डाग देऊन (सोल्डर करून) पुन्हा तारा चढवेपर्यंत आधीचा आवाज नेमका कुणाला आठवतो?

कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरवर सारखं मूल्य दाखवणारे दोन कपॅसिटर निवडा, एक स्वस्त, एक महागडा. डाग न देता क्रोकोडाइल क्लिपने जोडा. टोन पूर्ण बंद ठेवा, मित्राला पाठीमागे अदलाबदल करू द्या आणि दहा वेळा ओळखून पाहा.