यामाहा : एक नाव, दोन कंपन्या

यामाहाची दुचाकी आणि यामाहाचा पियानो एकाच कंपनीत तयार होतात, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात १ जुलै १९५५ पासून या दोन निरनिराळ्या कंपन्या आहेत.

मूळ कंपनीचा आरंभ १८८७ साली जपानमधील हामामात्सु येथील एका शाळेतला नादुरुस्त रीड ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जातो. (आपल्या संगीत नाटकांतला पायाने भाता मारायचा ऑर्गन याच जातीचा.) यामाहा हे त्या कारागिराचे आडनाव. मात्र १८९७ साली कंपनीची पुनर्रचना झाली, तेव्हा नाव ठेवले गेले ‘निप्पॉन गाक्की’, म्हणजे ‘जपानी वाद्ये’. पुढे पियानो आले आणि लाकूडकामातील कसबामुळे विमानांच्या प्रोपेलरचे कामही आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रोपेलरची यंत्रसामग्री पडून होती. तिचा उपयोग मोटारसायकलसाठी करण्याचा १९५३ मधील निर्णय आज दूरदृष्टीचा म्हणून गौरवला जातो, पण त्या वेळी तो धाडसी कमी आणि अविचारी अधिक वाटावा अशीच परिस्थिती होती. जपानमध्ये दुचाकी बनवणारे शंभराहून अधिक उत्पादक आधीच बाजारात होते, आणि वाद्ये बनवणाऱ्यांना इंजिनाचा काही पूर्वानुभव नव्हता. पहिली १२५ सीसी गाडी, वायए-१, डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आरटी १२५ या गाडीवर बेतलेली होती. तिला निव्वळ नक्कल म्हणून निकालात काढणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण त्याच जर्मन आराखड्यावरून ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत संघातही गाड्या निघाल्या होत्या. ‘लाल चतुर’ (चतुर म्हणजे तो उडणारा कीटक) असे टोपणनाव मिळालेल्या या गाडीने जुलै १९५५ मध्ये फुजी पर्वतावरील चढाईच्या शर्यतीत आपल्या गटात बाजी मारली.

नावाचा खरा गुंता इथूनच सुरू होतो. दुचाकींसाठी स्थापन झालेल्या नव्या कंपनीला ‘यामाहा मोटार’ हे नाव मिळाले, तर जन्मदात्री कंपनी कागदोपत्री निप्पॉन गाक्कीच राहिली. म्हणजे तब्बल ३२ वर्षे संस्थापकाचे आडनाव लेकीच्या पाटीवर होते आणि आईकडे ते केवळ वाद्यांवरील छाप म्हणून उरले होते. शताब्दीच्या निमित्ताने १९८७ साली मूळ कंपनीने तेच नाव अधिकृतपणे धारण केले. गोंधळ मिटवण्याच्या दृष्टीने हा निर्णय उलटाच पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २००७ मध्ये मूळ कंपनीने मोटार कंपनीतील आपला हिस्सा सुमारे १५ टक्क्यांपर्यंत खाली आणला, तरी सामान्य ग्राहकाच्या मनातील नाते तसूभरही सैल झाले नाही.

इलेक्ट्रॉनिक्सची शाखा वाद्यांच्याच बाजूने फुटली. १९५९ साली इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आला, १९७१ पासून कंपनी स्वतःच्या चिप बनवू लागली आणि एका अमेरिकी विद्यापीठाकडून परवान्याने घेतलेल्या एफएम तंत्रावर (एका ध्वनिलहरीने दुसरीची वारंवारता बदलून नवे नाद घडवण्याची पद्धत) १९८३ चा डीएक्स-७ सिंथेसायझर उभा राहिला.

भारतात मात्र नाव रुजवले ते दुचाकीने. १९८५ साली एका देशी कंपनीच्या सहकार्याने आलेली आरएक्स १०० ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली, तरी महाराष्ट्रात तिचे चाहते आजही जुन्या गाड्या शोधत असतात. २००१ साली येथील उद्योग पूर्णपणे जपानी मोटार कंपनीच्या मालकीचा झाला. दोन्ही कंपन्यांचे बोधचिन्ह तीन नादकाट्यांचेच (सूर जुळवण्यासाठी वापरायच्या दुशाखी धातूच्या काट्यांचे) आहे. वाद्यांवरील चिन्हात काट्यांची टोके वर्तुळाच्या आत थांबतात, तर गाड्यांवरील चिन्हात ती कडेला जाऊन टेकतात.