लाइम रीजिस जीवाश्म महोत्सव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डॉर्सेट परगण्यात, इंग्लिश खाडीच्या काठावरील लाइम रीजिस या लहानशा गावात भरणारा जीवाश्मांचा आणि भूविज्ञानाचा मेळा. तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. पूर्वी तो बहुधा मे महिन्याच्या आरंभीच्या जोडसुट्टीत भरे. अलीकडे जूनमधल्या शनिवार-रविवारीही भरू लागला आहे. करोनाच्या साथीत त्यात खंड पडला होता. गावाची कायम वस्ती चार हजारांच्या आत असली, तरी मेळ्याच्या दिवसांत समुद्रकाठच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे शास्त्रज्ञ, विद्यापीठांतील संशोधक, जीवाश्म विकणारे व्यापारी, हौशी संग्राहक आणि मुलाबाळांसह आलेली कुटुंबे असा सगळा जमाव एकाच मांडवाखाली येतो. थोडक्यात, ही जत्राच आहे. फक्त तिचे दैवत दगडात आहे.

मेळा याच गावात का, याचे उत्तर गावाच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या करड्या-निळसर कड्यांत आहे. सुमारे २० ते १९ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक कालखंडाच्या आरंभी, येथे उबदार आणि उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळापासून चुनखडी आणि शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) यांचे एकाआड एक थर बनले. भूवैज्ञानिक त्यांना ब्लू लायस म्हणतात. तळाशी प्राणवायू कमी असल्याने मेलेले प्राणी कुजून विस्कटण्याआधीच गाळात गाडले गेले आणि काही सांगाडे हाडाला हाड लागलेल्या स्थितीत टिकले. पूर्व डेव्हन आणि डॉर्सेटचा सुमारे १५० किलोमीटर लांबीचा हा किनारा २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. ट्रायासिक, ज्युरासिक आणि क्रिटेशस अशा तिन्ही कालखंडांचे मिळून सुमारे १८.५ कोटी वर्षांचे खडक त्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने पाहायला मिळतात.

पण नुसते थर असून भागत नाही. ते उघडे पडावे लागतात. ते काम समुद्र करतो, आणि गावाला त्याचा जाच होतो. लाइम आणि शेजारचे चारमथ यांच्यामध्ये ब्लॅक व्हेन नावाचा कडा आहे. त्याच्या माथ्यावर पाणी झिरपू देणारा क्रिटेशस वालुकाश्म आहे, तर खाली पाणी न सोडणारी ज्युरासिक चिकणमाती. पावसाचे पाणी या दोहोंच्या सांध्याशी अडते, माती निसरडी होते आणि डोंगराचा भाग चिखलासकट समुद्राकडे सरकतो. मे २००८ मध्ये याच पट्ट्यात सुमारे ४०० मीटर लांबीचा कडा कोसळला. गावाच्या पश्चिमेला १८३९ च्या नाताळात बिंडन येथे शेतजमिनीचा प्रचंड तुकडा सुटून सरकला होता. विल्यम कॉनिबेअर आणि विल्यम बकलंड हे दोघे भूवैज्ञानिक तेव्हा जवळपासच होते, त्यामुळे एवढ्या मोठ्या भूस्खलनाचे शास्त्रशुद्ध वर्णन बहुधा प्रथमच लिहिले गेले. १९०८ मध्ये तर याहून अजब प्रकार घडला. दरड कोसळून उघड्या पडलेल्या शेलमधील पायराइट (लोह आणि गंधक यांचे सोनेरी चमकीचे खनिज) हवेच्या संपर्काने तापले, शेलमधील तेलकट द्रव्याने पेट घेतला आणि कडा कित्येक महिने धुमसत राहिला. लोकांनी त्याला ‘लाइमचा ज्वालामुखी’ म्हणायला सुरुवात केली आणि तो पाहायला गर्दी लोटली. ज्वालामुखीचा अर्थात तिथे मागमूसही नव्हता.

माणसानेही समुद्राला हातभार लावला. एकोणिसाव्या शतकात सिमेंटसाठी किनाऱ्यालगतच्या चुनखडीच्या लाद्या काढून नेल्या गेल्या. लाटांचा जोर मोडणारी पायरीच गेल्याने कडे अधिक वेगाने झिजू लागले. पुढे गाव वाचवण्यासाठी भिंती बांधाव्या लागल्या, कड्यांत खिळे ठोकावे लागले, आणि गावासमोरच्या पुळणीवर फ्रान्समधून वाळू आणून टाकावी लागली. पर्यटकांची पोरे जिथे किल्ले बांधतात ती वाळू इथली नाहीच. तिच्यात जीवाश्म शोधणे व्यर्थ. त्यासाठी पूर्वेला चर्च क्लिफ्सच्या पायथ्याशी किंवा पश्चिमेला मॉन्मथ बीचवर जावे लागते. मॉन्मथ बीचवर ओहोटीच्या वेळी चुनखडीची एक लादी उघडी पडते. तिच्यात हातभर रुंदीचे अमोनाइट, म्हणजे चक्राकार शंखांचे नामशेष समुद्री प्राणी, शेकड्यांनी रुतलेले आहेत. त्यांच्यावर हातोडी चालवू नये, असे आवर्जून सांगितले जाते.

मेळ्याचे कार्यक्रम बरेच आहेत: व्याख्याने, नाटुकली, संगीत, शाळांसाठी खास सत्रे, जाणकारांसोबत किनाऱ्यावरची शोधफेरी, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक टोच्याने जीवाश्माभोवतीचा दगड कोरण्याची प्रात्यक्षिके. पण मेळ्याचा जीव आहे तो ओळखपरेडीच्या टेबलात. कुणीही किनाऱ्यावर सापडलेला दगड घेऊन यावा आणि त्या विषयात हयात घालवलेल्या माणसासमोर ठेवावा. मुलांच्या मुठीतून येणाऱ्या वस्तू ठरलेल्या असतात. बंदुकीच्या गोळीसारखे दिसणारे बेलेम्नाइट सर्वांत जास्त; स्क्विडच्या या नामशेष नातलगाच्या शरीरातला तो कठीण भाग. त्याखालोखाल वाकड्या नखासारखा ग्रायफिया हा शिंपला. लाकडासारखा रेषारेषांचा दगड हमखास येतो आणि आणणाऱ्याला ते झाड किंवा हाड वाटते. प्रत्यक्षात तो तंतुमय कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलेच खनिज, निघतो. मग शास्त्रज्ञ भिंग हातात देऊन हाडाची जाळीदार रचना कशी ओळखायची ते दाखवतो. मुलाचा हिरमोड होतो खरा, पण पुढच्या वेळी ते दगड उलटून नीट पाहते. कधी तरी एखाद्या पिशवीतून इक्थिओसॉरचा, म्हणजे माशासारख्या आकाराच्या नामशेष समुद्री सरीसृपाचा, मणकाही निघतो. चकतीसारखा, दोन्ही बाजूंनी खोलगट असलेला तो मणका जाणत्याला लांबूनही ओळखू येतो.

सर्वांना हवा असतो तो सोनेरी अमोनाइट. चारमथच्या बाजूला पायराइटचे, नाण्याएवढे, कधी त्याहूनही लहान अमोनाइट गोट्यांमध्ये सापडतात. त्यासाठी कडा फोडावा लागत नाही. पायराइट जड असल्याने लाटा ते हलक्या खड्यांपासून वेगळे काढून सखल जागी गोळा करतात. जाणकार तिथेच उकिडवे बसून बोटांनी खडे बाजूला सारत राहतात. हिवाळ्यातल्या वादळानंतर, ओहोटी लागत असताना निघावे, असे ते सांगतात. म्हणजे मेळ्याची वेळ शोधासाठी तशी फारशी सोयीची नाही. भरतीच्या वेळी कड्याखाली अडकणे आणि वरून दगड येणे हे दोन धोके मात्र बारमाही आहेत. घरी नेलेल्या सोनेरी अमोनाइटचे पुढे काय होते, हे मात्र विकत घेणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते. दमट हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होते, गंधकाचा वास येऊ लागतो आणि काही वर्षांत नमुन्याची भुकटी होते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर त्याची धडगतच नाही. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत ठेवला तरच तो टिकण्याची आशा.

जीवाश्म वेचून विकण्याचा धंदा या गावात मेळ्यापेक्षा कितीतरी जुना आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे नाव म्हणजे मेरी अ‍ॅनिंग (१७९९–१८४७). वडील सुतार. ते समुद्रस्नानासाठी येणाऱ्या पाहुण्यांना किनाऱ्यावरच्या ‘गमतीच्या वस्तू’ विकत. १८१० मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले. पुढच्याच वर्षी मेरीचा भाऊ जोसेफ याला एक मोठी कवटी दिसली आणि १८१२ मध्ये मेरीने उरलेला सांगाडा शोधला. शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेणारा तो पहिला इक्थिओसॉर. तेव्हा मेरीचे वय १२–१३. १८२३ च्या डिसेंबरात तिने प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरीसृपाचा पूर्ण सांगाडा काढला. त्याची मान इतकी लांब होती की पॅरिसचे शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज क्यूव्हिए यांना आधी ती बनावट वाटली. १८२८ मध्ये टेरोसॉर सापडला. हा उडणारा सरीसृप तोवर जर्मनीबाहेर आढळला नव्हता. ट्रे नावाचा तिचा कुत्रा १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गेला आणि ती थोडक्यात बचावली.

नमुने तिने शोधले, दगडातून सोडवले, त्यांची शरीररचना समजून घेतली. शोधनिबंध मात्र इतरांच्या नावावर निघाले. १८२४ मध्ये कॉनिबेअर यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे प्लेसिओसॉर मांडला, तेव्हा तिचे नावही घेतले नाही. ती स्त्री होती, गरीब होती, शिवाय अधिकृत चर्चच्या बाहेरच्या पंथातली. सोसायटीचे दार स्त्रियांना १९१९ पर्यंत सदस्य म्हणून बंदच होते. सगळेच कृतघ्न होते असे मात्र म्हणता येत नाही. भूवैज्ञानिक हेन्री डी ला बेश यांनी १८३० मध्ये तिच्या शोधांवर आधारित प्राचीन समुद्राचे चित्र काढले आणि त्याच्या छापील प्रतींच्या विक्रीतून तिला पैसे मिळवून दिले. गावातल्या एलिझाबेथ फिलपॉट या संग्राहक बाई तिच्या जन्माच्या मैत्रीण होत्या. आज तिच्या जन्मघराच्या जागेवर लाइम रीजिस संग्रहालय उभे आहे, आणि एका शाळकरी मुलीने चालवलेल्या मोहिमेतून मे २०२२ मध्ये गावात तिचा पुतळा बसला. मेळ्यात तिच्या वेशातली, टोपरे आणि झगा घातलेली एखादी बाई हातोडी घेऊन फिरताना हमखास दिसते. दोनशे वर्षांनी झालेली ही भरपाई जरा स्वस्तातली आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

हौशी माणूस शोधतो आणि विद्वान नाव देतो, हा जुना पेच आजही सुटलेला नाही. मात्र या किनाऱ्याने त्यावर एक व्यवहारी तोड काढली आहे. लाइमपासून पूर्वेकडच्या पट्ट्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस जीवाश्म वेचण्याची आचारसंहिता ठरली. खाली पडलेले नमुने जमीनमालकांच्या संमतीने वेचणाऱ्याचे; कड्यात परवानगीशिवाय खोदायचे नाही; शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाच्या नमुन्याची चारमथच्या केंद्रात नोंद करायची आणि विकायचा झाल्यास आधी ब्रिटनमधील संग्रहालयांना संधी द्यायची. वारसास्थळावरचे दगड लोकांना घरी नेऊ देतात, हे पुष्कळांना खटकते. पण येथे न उचललेला जीवाश्म जपला जात नाही. एक-दोन भरत्यांत लाटा त्याचा चुरा करतात. त्यामुळे व्यापारी आणि संशोधक मेळ्यात शेजारी-शेजारी बसतात, यात दांभिकपणा नाही. पुढे अशाच धर्तीचा मेळा इंग्लंडच्या ईशान्येला, यॉर्कशरच्या ज्युरासिक किनाऱ्यावरही भरू लागला.

मराठी वाचकाला अमोनाइट अगदीच परका नाही. देवघरात पूजला जाणारा गंडकी नदीतला चक्रांकित शाळिग्राम हा ज्युरासिक काळातल्या अमोनाइटचाच जीवाश्म असतो. लाइमच्या अमोनाइटांपेक्षा तो काही कोटी वर्षांनी तरुण. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र असे काही सापडायचे नाही, कारण तिथला बहुतेक कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. महाराष्ट्राची खरी जीवाश्मभूमी विदर्भात आहे, आणि लाइमशी तिचा एक धागा जुळतो. इक्थिओसॉरांच्या पोटाच्या जागी सापडणारे गोटे फोडल्यावर आत माशांचे खवले आणि हाडे दिसतात, हे अ‍ॅनिंगने हेरले होते. त्यावरून बकलंड यांनी १८२९ मध्ये ती अश्मीभूत विष्ठा असल्याचे मांडले आणि प्राचीन प्राण्यांचा आहार अभ्यासण्याची एक नवी वाट खुली झाली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे क्रिटेशस काळाच्या अखेरची अशीच विष्ठा विपुल सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात तिच्यात गवताचे सिलिकामय सूक्ष्मकण आढळले. डायनोसॉरांच्या काळात गवत होते आणि ते खाल्लेही जात होते, याचा हा पुरावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर गवत डायनोसॉरांनंतरचे मानले जाई.